एकवीस मार्चपर्यंत

माझ्या स्वयंपाकघरात दर गुरुवारी लोक आपलं म्हातारपण घेऊन येतात. कुणी फायलीत, कुणी प्लास्टिकच्या पिशवीत, एक जण तर बुटांच्या खोक्यात. उत्तर जर्मनीतल्या या लेअर गावात पेन्शनचा फॉर्म भरायचा असेल तर ओक्का डिर्क्सकडे जा, असं सगळे सांगतात, आणि बरोबरच सांगतात. चाळीस वर्षं मी जहाजगोदीच्या पगार विभागात काढली. निवृत्त झाले तेव्हा पेन्शन ऑफिसनं मला मानद सल्लागार नेमलं. त्याचे पैसे मिळत नाहीत. पण सत्तरीला टेकलेल्या बिनलग्नाच्या बाईसमोर धडधाकट माणसं खुर्चीच्या कडेवर बसतात आणि ती सांगेल ते मुकाट्यानं ऐकतात, हे काय थोडं आहे?

गोड बोलणं मला जमत नाही. परवाच एकाला म्हटलं, "अहो, त्रेसष्टाव्या वर्षी पेन्शन घ्याल तर ती आयुष्यभर कापून मिळणार. लवकर मरायचं नक्की असेल तर खुशाल घ्या. नाहीतर दोन वर्षं कळ काढा." त्याची बायको फिस्सकन हसली. तो हसला नाही, पण कळ काढायला तयार झाला.

हाबो माझा धाकटा भाऊ. सहा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याचे डबे मी भरले, त्याच्या शर्टांची बटणं मी लावली, गोदीत वेल्डरची जागा मिळावी म्हणून साहेबाकडे शब्द मी टाकला. एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत तो माझ्याच घरी राहिला, वरच्या खोलीत. संध्याकाळी कामावरून आला की आम्ही दोघं चहा घ्यायचो आणि सगळ्या गावाची उणीदुणी काढायचो. मला आणखी काही नको होतं. त्यालाही नको असेल, असं मी धरून चालले.

मग त्याला इमके भेटली. मासळीच्या दुकानात काउंटरवर असायची. तिचा नवरा रेंको मोटरसायकलसकट कालव्यात गेला होता, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. हाबो दर शुक्रवारी हेरिंग आणायला जायचा, तो हळूहळू मंगळवारीही जायला लागला. एका रविवारी तो तिला चहाला घेऊन आला. आमच्याकडे साय चहाच्या कडेनं सोडतात आणि तशीच राहू देतात, ढवळत नाहीत. ही इथलीच पोर, तरी हिनं चमचा घातला आणि खळाखळा ढवळलं. हाबो तिच्याकडे बघून हसला. त्या हसण्यानंच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन महिन्यांत तो सामान घेऊन तिच्या फ्लॅटवर राहायला गेला.

बावीस वर्षं ती माझ्याशी अदबीनं वागली आणि बावीस वर्षं आम्ही एकमेकींना 'तुम्ही' म्हणत आलो. 'तू म्हण' असं मोठीनं म्हणायचं असतं. मी म्हटलं नाही.

ते एकत्र राहायला लागून तीन वर्षं झाली असतील. एका शनिवारी हाबो एकटाच आला. नवा शर्ट घातला होता. त्यानं खिशातून एक लहानशी डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

"ओक्का, मी इमकेला विचारणार आहे."

"काय विचारणार आहेस?"

"लग्नाचं. दुसरं काय विचारतात अंगठी घेऊन? हेरिंगचा भाव?"

मी समोर पडलेलं पत्राचं पाकीट उलटं केलं आणि पेन्सिल घेतली. "रेंकोची पेन्शन तिला किती मिळते?"

"मला काय माहीत? तीनशेच्या आसपास."

"तू लग्न केलंस की ती बंद. दोन वर्षांचे पैसे एकदम हातावर ठेवतील आणि रामराम करतील. आयुष्यभर दर महिन्याला येणारे पैसे तू एका अंगठीपायी घालवणार? तिला विचारलंस का?"

"मला ती बायको म्हणून हवीय गं."

"मग काय मोलकरीण म्हणून राहतेय का तुझ्याबरोबर? तुम्हाला कागद कशाला हवा? युद्धानंतर निम्मी गल्ली अशीच नांदत होती. विधवा बाई, घरात एक पुरुष, पोरं त्याला काका म्हणायची. मेलेल्याची पेन्शन चालू आणि जिवंताची सोबत. कुणाचं काही अडलं?"

तो पाकिटाच्या मागचे आकडे बघत राहिला. आकड्यांपुढे तो नेहमीच मान तुकवायचा. मग त्यानं डबी खिशात घातली. पुढे ती अंगठी त्यानं इमकेला वाढदिवसाची भेट म्हणून दिली, काही न विचारता.

माझा हिशोब खोटा नव्हता. फक्त अर्धा होता. दुसरी बाजू अशी, की लग्न केलं नाही तर हाबोच्या माघारी तिला त्याचा एक पैसाही मिळणार नव्हता, आणि हाबोमागे मिळणारी पेन्शन रेंकोच्या तिप्पट झाली असती. पाकिटावर तेवढी जागा होती. मी ते लिहिलं नाही. मला वाटायचं, लग्न झालं नाही की संसार कच्चा राहतो, आणि कच्च्या संसारातून माणूस कधी ना कधी घरी परत येतो. वरच्या खोलीतल्या पलंगावरची चादर मी दर पंधरवड्याला बदलत होते.

तो परत आला नाही. एकोणीस वर्षं गेली. मग एका फेब्रुवारीत त्याच्या पोटात दुखायला लागलं, आणि ते स्वादुपिंडाचं निघालं.

डॉक्टरांनी त्यांना जे सांगायचं ते सांगितलं. त्यानंतर दोघं पेन्शनचा सल्ला घ्यायला गेले ओल्डनबुर्गला. पन्नास किलोमीटर! मी सात मिनिटांवर राहते. तिथल्या कुणा पोरीनं त्यांना पाकिटाची दुसरी बाजू समजावून दिली. एकवीस मार्चला, शुक्रवारी सकाळी, त्यांनी नगरपालिकेत जाऊन लग्न केलं. मला कळलं ते बेकरीवाल्याकडून. "अभिनंदन हं, घरात लग्नकार्य!" तो म्हणाला. मी पाव घेतला, सुटे पैसे मोजून दिले आणि घरी येऊन कोट न काढता बसून राहिले.

संध्याकाळी हाबो स्वतः सांगायला आला. तोवर त्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती.

"रागावलीस?"

"मी कशाला रागावू? मी तुमची कोण?"

"असं नको ना बोलूस. तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा पाकीट काढलं असतंस." तो हसला. मग म्हणाला, "ओक्का, तिची स्वतःची पेन्शन साडेसहाशे होणार. दुकानात अर्धवेळ काम केलं ना तिनं. त्यात भाडं आणि खाणं कसं भागवायचं? माझ्यामागे तिला नऊशे मिळतील. पण लग्नाला वर्ष व्हायला हवं. तू हे मला सांगितलं नव्हतंस."

"तू विचारलं नव्हतंस."

"तेही खरंच," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटलं. असा होता तो.

नियम साधा आहे. लग्नाला वर्ष व्हायच्या आत माणूस गेला, तर ऑफिस असं धरून चालतं की हे लग्न पेन्शनसाठीच लावलं होतं. मग विधवेला काही मिळत नाही. लग्नाचा विचार फार जुना होता, असं कुणी पटवून दिलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे हाबोला पुढच्या वर्षीचा एकवीस मार्च बघायचा होता. डॉक्टर म्हणाले होते, नाताळ बघितला तर नशीब.

त्यानं नाताळ बघितला. नवीन वर्षही बघितलं. फेब्रुवारीत त्याला हॉस्पिसात हलवलं. तिथं मरणाऱ्यांची सगळी सोय होती. मऊ गाद्या, खिडकीबाहेर पक्ष्यांना दाणे, आणि दुखू नये म्हणून मॉर्फिन. मॉर्फिनचं पुरं इंजेक्शन त्यानं नाकारलं. थोडं घ्यायचा, वरचं टोक बोथट होईल एवढंच. "जास्त घेतलं की झोप लागते," तो म्हणायचा, "आणि झोपेत मी निसटून जाईन." डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं की असं होत नाही. त्यानं ऐकलं नाही. वेल्डिंग करताना ठिणगी बुटात गेली तरी हात हलवायचा नाही, ही त्याची जुनी खोड होती.

जो कुणी खोलीत येईल त्याला तो एकच विचारायचा. "आज किती?"

इमके रोज दुपारी दुकानातून तडक यायची. अंगाला मासळीचा वास तसाच. ती त्याच्या कपाळावर ओला रुमाल ठेवायची आणि म्हणायची, "आज अकरा. दहाच दिवस राहिले, राजा." तिथं बसून हे ऐकणं मला असह्य व्हायचं. माझा भाऊ तोंडात उशी धरून कण्हत होता आणि ही बया दिवस मोजत होती. एकदा मी तिला बाहेर व्हरांड्यात गाठलं.

"स्वतःच्या भाड्यासाठी किती दिवस जाळणार आहात त्याला?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मी त्याला रोज सांगते, ओक्काबाई. घे ते इंजेक्शन, मी भागवीन माझं. तर तो माझ्यावर ओरडतो. म्हणतो, बावीस वर्षांत मी तुला एकही गोष्ट धड दिली नाही, ही एक तरी देऊ दे." ती भिंतीला टेकली. "मग मी काय करू? निदान दिवस तरी मोजते त्याच्याबरोबर."

तिच्या बोटात ती वाढदिवसाची अंगठी होती.

चौदा मार्चला, शनिवारी, इमकेला ताप भरला. हॉस्पिसवाल्यांनी तिला यायला मनाई केली, इतर पेशंटना संसर्ग नको म्हणून. तिनं मला फोन केला. आवाज बसला होता. "तुम्ही बसाल ना त्याच्याजवळ? आणि रोज तारीख सांगा त्याला. ती ऐकली की त्याला जोर येतो." ती रडत होती, हे मी मान्य करते.

सोळा मार्चला, सोमवारी दुपारी, मी त्याच्याजवळ बसले होते. त्याला आता खिडकी कुठे आणि दार कुठे एवढंच समजायचं, भिंतीवरचं कॅलेंडर दिसत नव्हतं. ओठ चावून चावून त्यावर खपल्या धरल्या होत्या. मधूनच त्याचं अंग धनुष्यासारखं ताणायचं, आणि मग सुटायचं. असं ते दुपारभर चाललं होतं.

"कोण? ओक्का?"

"हो रे."

"आज किती?"

मी काही ठरवून गेले नव्हते. हे कुणाला पटणार नाही, पण नव्हते. मी त्याचा हात हातात घेतला. तो लहानपणी तापात असायचा तसा चिकट लागला.

"बावीस," मी म्हणाले.

"काय?"

"बावीस मार्च. काल एकवीस झाली. आठवडाभर तू गुंगीतच होतास."

"खरं सांगतेस?"

"मी तुला कधी खोटी तारीख सांगितलीय का?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. मी ते पुसलं.

"इमकेला कळलंय?"

"कळलंय. खूश आहे. ताप उतरला की येईल."

"तिला म्हणावं..." त्याला मध्येच कळ आली, ती जाईपर्यंत मी थांबले. "म्हणावं, जमलं."

"सांगते."

मग त्यानं मला जे विचारलं ते अजून माझ्या कानात आहे. लहान पोरानं शेवटची वडी मागावी तसं विचारलं. "ओक्का, आता ते इंजेक्शन मागितलं तर चालेल का गं?"

"चालेल रे," मी म्हणाले. "माग."

मला त्याची कीव आली, हे खरं आहे. तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही आली असती. पण नुसती कीव आली असती तर मी बाहेर येऊन इमकेला फोन केला असता. मी तो केला नाही. व्हरांड्यातून चालताना मला एकदम फार हलकं वाटत होतं. माझ्या मनात आलं, त्याच्या आयुष्यातली शेवटची गोष्ट तिनं नाही, मी दिली. आणि हेही आलं, की तिला आता साडेसहाशेत बस म्हणावं. दोन्ही एकाच वेळी आलं. सहाच्या बसनं मी घरी आले, बटाटे उकडले आणि जेवले.

पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी तो गेला. सतरा मार्च.

दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा होता. इमके काळा कोट घालून माझ्याशेजारी बसली. तापानं आणि रडण्यानं तिचं तोंड सुजलं होतं. तिनं माझा हात धरला, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"तुम्ही होतात जवळ, हे किती बरं झालं. काही बोलला का तो?"

"नाही," मी म्हणाले. "झोपला होता."

"चार दिवस," ती म्हणाली. "त्याचा जीव किती तळमळला असेल ना, चार दिवस राहिले म्हणून?" मी केकची बशी तिच्यापुढे सरकवली.

एप्रिलमध्ये एका गुरुवारी, माझ्या रांगेत, नंबर लावून, ती माझ्या स्वयंपाकघरात आली. तिनं हाबोमागच्या पेन्शनसाठी अर्ज केला होता. ऑफिसनं आणखी कागद मागितले होते. बावीस वर्षांत लग्न का केलं नाही, असं विचारलं होतं. तिनं खरं लिहिलं होतं, रेंकोची पेन्शन जाईल म्हणून. आणि मग एकदम का केलं? तिथं ती अडली होती.

"जे लिहावं ते माझ्यावरच उलटतंय," ती म्हणाली. "पण ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, लग्नाचा विचार जुना होता असं घरच्या कुणी लिहून दिलं तर विचार करतील. मला तो नेहमी म्हणायचा, करूया गं, करूया. पण त्याला पुरावा नाही. तुमच्याशी तो सगळं बोलायचा. तुम्हाला कधी बोलला होता का?"

तिनं फॉर्म माझ्यापुढे ठेवला. प्रश्न एकच होता. मृत व्यक्तीनं पूर्वी विवाहाचा इरादा आपल्याजवळ व्यक्त केला होता का? असल्यास केव्हा, आणि विवाह का झाला नाही?

"बघते," मी म्हणाले. "आठवून लिहिते आणि पाठवते. तुम्ही जा, मागे माणसं खोळंबलीत."

आठवायचं काय होतं? शनिवार होता, नवा शर्ट होता, अंगठीची डबी होती. पण ते लिहायचं तर का झाला नाही तेही लिहावं लागणार. म्हणजे पेन्सिल लिहावी लागणार, पाकीट लिहावं लागणार, आणि पाकिटाची मी न लिहिलेली बाजूही. ज्या ऑफिसात माझं नाव मानानं घेतात तिथंच ते वाचलं जाणार. आणि वाचून झालं की ती हाबोची खरीखुरी बायको ठरणार, कायम. रात्रभर विचार केला वगैरे काही नाही. पुढचा माणूस आत यायच्या आधीच मी लिहून टाकलं. 'माझ्याजवळ असा इरादा कधीही व्यक्त केला नाही.' सही केली आणि पाकीट बंद केलं.

जूनमध्ये नकार आला. रेंकोची तीनशे दहाची पेन्शन तिला परत चालू करून देणार होते, पण लग्नाच्या वेळी जे दोन वर्षांचे पैसे एकदम घेतले होते त्यातले उरलेले आधी कापून घेणार होते. ते पैसे तिनं केव्हाच हाबोसाठी वर-खाली होणारा पलंग आणण्यात घालवले होते.

ती पत्र घेऊन आली. गुरुवार नव्हता. घरात आम्ही दोघीच होतो. मी चहा केला, कारण करावा लागतो. तिनं तो तसाच ठेवला. पत्रातलं एक वाक्य तिनं बोटानं दाखवलं. 'मृताच्या भगिनीच्या निवेदनावरून पूर्वीपासून विवाहाचा इरादा असल्याचं दिसत नाही.'

"ठीक आहे," ती म्हणाली. "तुमच्याशी बोलला नसेल. खोटं कसं लिहाल तुम्ही? मी त्यासाठी नाही आले."

मी पत्राची घडी घालून तिच्यापुढे ठेवली.

"काल मी हॉस्पिसात केक घेऊन गेले होते. सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते. संध्याकाळच्या पाळीची ती झोफिया भेटली, पोलंडची, उंच. ती म्हणाली, त्या दिवशी हाबोनं स्वतः इंजेक्शन मागितलं. ती त्याला म्हणाली, अहो, तुम्ही एकवीसपर्यंत नको म्हणत होतात, आज तर सोळाच आहे. तर तो हसला तिला." इमकेचा आवाज अगदी सपाट होता. "म्हणाला, बाई, तुमचं काहीतरी चुकतंय. बावीस आहे. तिनं फोन दाखवला त्याला. दिसत कुठे होतं. तर म्हणाला, फोन बिघडला असेल तुमचा. माझी बहीण सांगून गेलीय. तीन वेळा सांगितलं म्हणे तिनं. तिन्ही वेळा तो म्हणाला, माझी बहीण सांगून गेलीय."

बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र चाललं होतं. ते थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं.

"मी रात्रभर विचार केला," ती म्हणाली. "तुम्ही रोज जात होतात. बसनं, थंडीत. एकट्या बसायचात त्याच्याजवळ, त्याचं ते कण्हणं ऐकत. तुमचंही वय झालंय, आणि माणूस अशा वेळी गोंधळतं. माझी आई गेली तेव्हा मी दोन दिवस उलटा स्वेटर घालून फिरत होते." ती पुढे झुकली. "मला बाकी काही नको, ओक्काबाई. पैशांचं बघेन मी, दुकानात दिवसभर काम करीन. फक्त एवढंच सांगा. त्या दिवशी तुम्हाला खरंच बावीस वाटली होती ना?"

उत्तर तिनंच माझ्यापुढे तयार करून ठेवलं होतं. मला नुसती मान हलवायची होती. ती उठली असती, मला जवळ घेतलं असतं, आणि दोघी मिळून त्याच्यासाठी रडलो असतो. पुढच्या रविवारी कदाचित मी तिला म्हटलं असतं, तू म्हण मला.

पण ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती तशा नजरेनं मी गुरुवारी येणाऱ्या म्हाताऱ्यांकडे बघते. ज्यांना स्वतःचा जन्मदिवस आठवत नाही, जे फॉर्म उलटा धरतात, त्यांच्याकडे. माझी कीव येत होती तिला. इमकेला, माझी.

"वाटली नव्हती," मी म्हणाले. "सोळा होती. मला माहीत होतं."